हँडब्रेकचे दोन दाते

१९७१ चा पावसाळा ओसरताना माझी पोस्टिंग तळेगाव दाभाड्याजवळच्या एका दारूगोळा डेपोत झाली. हुद्दा शिपाई, ट्रेड ड्रायव्हर, गाडी थ्री-टन. डोंगराच्या कुशीतल्या गोदामांतून तोफगोळ्यांच्या पेट्या भरायच्या आणि रेल्वेच्या सायडिंगवर नेऊन उतरवायच्या, एवढंच काम. अंतर फार नव्हतं. मध्ये एक लांब उतार होता.

मी लातूरकडचा. भरती झालो तेव्हा वाटलं होतं, वर्दी चढवली की भीती आपोआप जाते. ती गेली नाही. तिनेही वर्दी चढवली आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसली. रिकाम्या गाडीत मी राजा असायचो. गाडी भरली की खड्ड्याखड्ड्याला देवाचं नाव घ्यायचो, आणि देव संपले की मामांची नावं घ्यायचो. उतारावर तर मी इतका हळू चालवायचो की एकदा एका म्हशीने मला ओव्हरटेक केलं. मागच्या गाडीतला ड्रायव्हर ओरडला, "जाधव, साइड दे तिला! तिला घाई हाय!"

आमचे उस्ताद होते हवालदार शेलार. मावळातलेच, जवळच्या एका खेड्यातले. फौजेत इतकी वर्षं काढूनही त्यांची बोली गावाकडचीच राहिली होती. त्यांचा एक नियम होता. इंजिन सुरू करण्याआधी गाडीभोवती पूर्ण फेरी मारायची. प्रत्येक चाकाला पंजा लावायचा, वाकून खाली बघायचं, आणि जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "पुढचं डावं, हवा बरोबर, थंड." असं सगळ्या चाकांचं. शेवटी स्टेपनी.

"उस्ताद, स्टेपनी तर फिरतच नाही," मी म्हणालो.

"म्हनून तर तिला इचारायचं. तिला कुनीच इचारत न्हाई."

मला हे सगळं फार गमतीचं वाटायचं. एका सकाळी मी बॉनेटवर जास्वंदीचं फूल ठेवलं, हात जोडले आणि गाडीला प्रदक्षिणा घालायला लागलो. पोरं हसत होती. मग एकदम हसायची थांबली. उस्ताद माझ्या मागे उभे होते.

"देव पावला का?"

"नाही, उस्ताद."

"एका गाडीनं कसा पावंल? आजपास्नं समद्या लायनीची फेरी तू मारायची. मी सांगंस्तवर."

त्यांनी बरेच दिवस 'थांब' म्हटलं नाही. रोज सकाळी अख्ख्या लायनीतल्या चाकांना हात लावून मी ओरडत बसायचो. हवा बरोबर, थंड. हवा बरोबर, थंड. डोकं काही शिकलं नाही. हात मात्र शिकला.

आता माझी खरी करामत सांगतो. उतारावरच्या भीतीवर मी माझ्यापुरता एक उपाय काढला होता. हँडब्रेक दोन दाते ओढून ठेवायचा. पूर्ण नाही, दोनच. गाडी जरा जड चालायची, पण कुणीतरी मागून आपली कॉलर धरून ठेवलीय असं वाटायचं. मला तो मोठा शोध वाटत होता. ब्रेकचे पट्टे ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्या तासाला मी बहुधा मामांची नावं पाठ करत असेन.

नोव्हेंबरातली दुपार. युद्ध होणार हे सगळे धरून चालले होते. मी उतार उतरून सायडिंगवर आलो आणि गाडी वॅगनला समांतर उभी केली. मागे गोळ्यांच्या पेट्या. शेजारी अर्ध्या भरलेल्या वॅगन. वॅगनच्या सावलीत हमाल भाकरी खात बसलेले. मी खाली उतरून पाणी प्यायलो. तेवढ्यात भोंगा वाजला.

हवाई हल्ल्याचा भोंगा. खाली-वर, खाली-वर. सुभेदारसाहेब पत्र्याच्या शेडमधून ओरडले, "गाड्या पांगवा! मूव्ह! मूव्ह!" हमाल हवाई हल्ल्यासाठी खणलेल्या चरीकडे पळाले. ड्रायव्हर धावत जाऊन केबिनमध्ये चढले. आपण काय करायचं तेच मला आठवेना. पायांना एकच गोष्ट पाठ होती. ते फेरी मारायला लागले.

पुढचं डावं, थंड. मागचं डावं. तिथे हात चिकटला.

चिकटला म्हणजे चटका बसून कातडीच राहिली. मी वाकलो. जोडचाकांच्या मधून धूर येत होता. आतल्या टायरच्या कडेला लाल रेघ होती, विडी ओढल्यावर दिसते तशी.

"उस्ताद!" मी ओरडलो. "गरम!"

एवढं बोलून मी रुळांखालच्या लाकडी स्लीपरच्या थप्पीमागे जाऊन बसलो. हे कुणी मला सांगितलं नव्हतं.

उस्ताद आले. चाकाकडे पाहिलं, वॅगनकडे पाहिलं, चरीत पडलेल्या हमालांकडे पाहिलं. आग विझवायचा लाल एक्स्टिंग्विशर उचलला आणि थप्पीकडे आले.

"गाडी कुनाची?"

"माझी."

"मग बस गाडीत. वढ्याकडं घ्यायची. मागची चाकं पान्यात घालायची."

ओढा समोरच्या माळापलीकडे होता. मी म्हणालो, "उस्ताद, उडेल."

"उडंल. हितं उडली तर समदी जातील. मी चाकापाशी चालतो. एक थाप मारली की चालू ऱ्हा. दोन मारल्या की थांब आन पळ."

शेडमधून सुभेदारसाहेबांचा आवाज आला. ते फील्ड टेलिफोनवर होते. "कंट्रोल, सायडिंग. एका गाडीला आग. लोडेड. ओढ्याकडे नेतोय." मग थोडं थांबून, "हो. लोडेड."

मी चढलो. इंजिन सुरू केलं, हँडब्रेक सोडायला हात घातला आणि तो दोन दाते वर आहे हे मला दिसलं. तेव्हा कळलं. आग मीच लावली होती. मी तो सोडला आणि क्लच उचलला.

मनात तो माळ आजही मला पार करता येत नाही. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. आरशात फक्त धूर. पेट्या खडखडत होत्या. मी कान बॉडीला लावून बसलो होतो. थाप. चालू. पुढच्या थापेपर्यंत मी श्वास घेत नव्हतो. थाप. चालू. एकदा बराच वेळ थाप आली नाही. मला वाटलं, उस्ताद पडले. वाटलं, उडी मारावी. दाराच्या कडीवर हात गेलाही. मग थाप आली, पण हलकी. खोकला ऐकू आला आणि पुन्हा एक, जोरात.

ओढ्याच्या काठावरून मी गाडी वळवून रिव्हर्स घातली. पाण्यातून फस्स करून वाफ उठली. दोन थापा पडल्या. मी पळण्यासाठी उडी मारली ती नेमकी पाण्याच्या बाजूला, आणि गळ्यापर्यंत चिखलात गेलो. उस्तादांच्या भुवया जळल्या होत्या. टायर विझला होता. ड्रमला तडा गेला होता.

भोंगा सरावाचा होता हे मग कळलं.

उस्ताद केबिनमध्ये डोकावले. खाली आलेल्या हँडब्रेककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती दाते?"

"दोन."

"भ्याला व्हतास?"

"हो, उस्ताद. तुम्ही नाही भ्यालात?"

"भ्यालो की." त्यांनी हातातला एक्स्टिंग्विशर खाली ठेवला. "आरं, तू भी खुशाल. गाडीला भ्यायला लावू नगंस."

सुभेदारसाहेबांपुढे त्यांनी काहीच लपवलं नाही. "साहेब, पेटवली ह्यानंच. सापडली बी ह्यालाच." मला दोन्हींची शिक्षा झाली असं माझं म्हणणं आहे.

डिसेंबरात युद्ध सुरू झालं आणि उस्तादांच्या गाड्या राजस्थानकडे निघाल्या. निघण्याआधी म्हणाले, "माझ्या गाडीची फेरी तू मार." मी मारली. "सगळी चाकं थंड, उस्ताद."

"आन स्टेपनी?"

मी परत मागे गेलो. "थंड." त्यांनी बॉडीवर एक थाप मारली आणि चढले.

वाळूत पुरलेल्या सुरुंगावर त्यांचं पुढचं चाक गेलं. हवालदार शेलार जागीच गेले. फेरीत काही चुकलं नव्हतं. रस्त्याला हात लावून बघता येत नाही.

फौजेतून सुटल्यावर मी बरेच दिवस नुसता बसून होतो. सकाळी उठायचं कशाला तेच कळेना. मग पिंपरीतल्या एका कंपनीत बस ड्रायव्हर झालो. आता संत तुकाराम नगरला राहतो. पहिल्या शिफ्टची माणसं कुरुळीहून आणतो. पहिल्या दिवशी बसभोवती फेरी मारली आणि दिवसाला बूड आलं. भीती अजून आहे. आता मागे पेट्यांऐवजी माणसं असतात, आणि ती जास्त बोलतात.

"काका, लगीन लागलं का बसशी? किती फेरं घालताय?"

"बसा रे. हजेरी जाईल तुमची."

"स्टेपनीला कशाला हात लावताय? ती काय फिरती व्हय?"

याचं उत्तर मी देत नाही. स्टेपनीला पंजा लावतो. थंड असते. मग तिच्यावर एक थाप मारतो आणि चढतो.