द्राक्षांच्या बागेत उगवलेल्या मावशी

सगळ्यात आधी मावशी. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "माझं नाव कुटं छापू नको, गावात लोक इचारत बसत्यात." पण त्यांच्यापासून सुरुवात केल्याशिवाय मला पुढचं काही सांगताच येणार नाही. त्या रविवारी त्या नसत्या, तर मी आजही तसाच तोंड पाडून बसलेला असतो.

वारूळवाडीत टोमॅटो-मिरचीची रोपं तयार करायची एक रोपवाटिका आहे. मी तिथं कामाला आहे आणि मावशी आमच्या मुकादम. शिनोलीच्याही पलीकडच्या, डोंगराच्या अंगाच्या. ट्रे भरण्यापासून रोपं गाडीत चढवण्यापर्यंत सगळं काम त्यांच्या तोंडावर चालतं, आणि त्यांचं तोंड थांबत नाही. मी वाशिमकडचा. आठवीतच शाळा सोडली. इथं येऊन तीन वर्षं झाली तरी लोक मला 'पावणं'च म्हणतात. मावशी मात्र पहिल्या दिवसापासून 'ए वऱ्हाड्या'. परक्या मुलखात कुणी हक्कानं हाक मारली की किती बरं वाटतं, हे घर सोडलेल्यालाच कळतं.

मला काळजी करायची सवय आहे. एसटी वेळेवर आली तरी वाटतं, चुकीची असणार. त्या वर्षी तर काळजीला कारणही होतं. घरचे माझ्यासाठी मुलगी बघत होते आणि प्रत्येक ठिकाणी गाडी एकाच जागी अडत होती. "पोरगा तिकडं दूर राह्यते. कसा वागते, काय करते, चौकशी कोनाजवळ करावं?" मुलीकडचे एवढं म्हणायचे आणि चहाचे कप गोळा करायचे. शेवटी एका घरानं कळवलं, आधी व्हिडिओ कॉलवर पाहू, रविवारी दुपारी. मुलगी बारावी झालेली, तालुक्याला ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरमध्ये कामाला. दिवसभर कम्प्युटरसमोर बसणारी पोरगी आणि माझा फोन असा, की पुढच्या कॅमेऱ्यात पाणी गेलेलं. त्यात बघणारा माणूस पिवळाधमक दिसायचा. लग्न ठरायच्या आधीच हळद लागलेली.

मी हे सगळं रोपवाटिकेसमोरच्या चहाच्या टपरीवर बोलून बसलो. तिथंच चुकलं.

त्या टपरीवर रोज संध्याकाळी दोघांची जुंपायची. एक नारायणगाव-जुन्नर जीप चालवणारा ड्रायव्हर. त्याच्याकडे सफरचंदवाला फोन, सेकंडहँड, पण तो फोन खिशात न ठेवता हातातच धरायचा, सफरचंद लोकांकडे करून. दुसरा आमच्या मालकांचा पुतण्या. पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनिअर, पण घरून काम करायचा. घरी रेंज नाही म्हणून आमच्या ऑफिसच्या खोलीत येऊन बसायचा.

"दुपारपर्यंत चार्जिंग संपतं तुझ्या फोनचं," इंजिनिअर सुरू करायचा. "जीपला धक्का मारायचा, फोनलाही मारायचा. तुझा जन्म ढकलण्यात जाणार."

"धक्का मागतो, पण इज्जत देतो," ड्रायव्हर म्हणायचा. "तुमचं बघा राव. म्हैना झाला की अपडेट. अपडेट झालं की बटनं जागेवर न्हाईत. उद्या माज्या जीपचा गिअर टपावर नेऊन बसवला तर चालंल का पब्लिकला?"

"त्याला यूजर एक्सपीरियन्स म्हणतात."

"आमाला यूजर व्हायचंच न्हाई. आमाला फोन लावायचा हाय."

मग गाडी एआयवर यायची. इंजिनिअर म्हणायचा, आता गाड्या आपोआप चालणार. ड्रायव्हर म्हणायचा, "आना की तुमची बिनडायव्हरची गाडी. टोमॅटोच्या सीझनला नारायणगावच्या चौकात घाला. एका तासात गाडी सोताच राजीनामा दील." सगळे हसायचे. एकदा मात्र इंजिनिअर चहाच्या कपात बघत हळूच म्हणाला, "तुमचं काम नंतर जाईल. आमचंच आधी जाणार." तेव्हा ड्रायव्हर टपरीवाल्याला म्हणाला, "ह्याला एक क्रीमरोल दे रं, माज्याकडून." असे ते दोघं. भांडायला एकमेकांवाचून करमायचं नाही.

माझा व्हिडिओ कॉल कळल्यावर त्या दोघांना दिवाळीच आली.

ड्रायव्हर म्हणाला, कॉल माझ्या फोनवरून करायचा, दुसऱ्या फोनवर पोरगं काळं येतं. इंजिनिअर म्हणाला, फोन कुठलाही चालेल, खरी गोष्ट सॉफ्टवेअर. ड्रायव्हरनं चेहरा उजळायचं फिल्टर लावून दाखवलं. त्यात माझं नाक, डोळे, सगळं मैद्यात बुडवल्यासारखं. ते तरी मी हात जोडून काढायला लावलं. मग मागं काय दिसावं, यावर दोन संध्याकाळी गेल्या. इंजिनिअर म्हणाला, मागचं सगळं धूसर करू. तेच सभ्य दिसतं, त्याच्या मीटिंगमध्ये सगळे तेच करतात.

"धूसर?" ड्रायव्हर उखडला. "पोरीचा बाप म्हनंल, पोरगं पत्त्याच्या अड्ड्यावर बसलंय. त्यापरास चित्र लावा. बंगला लावा."

शेवटी बंगला आणि धूसर यांच्यात तडजोड होऊन द्राक्षांची बाग ठरली. मावशी ट्रे घेऊन चालल्या होत्या, त्यांनीही वाकून बघितलं. "द्राक्षच लावा," त्या म्हणाल्या. "घडबिड दिसत्यात, शुभ वाटतं." चौघांत तिघांचं एकमत झालं आणि चौथ्याला, म्हणजे मला, कुणी विचारलं नाही.

रविवारी दुपारी शेडनेटखाली ड्रायव्हरचा फोन, त्यात इंजिनिअरचं अ‍ॅप, असं एका उलट्या क्रेटवर टेकवलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. मागं खरं तर रिकामे ट्रे, पाण्याचा पाइप आणि माझी खोली. पडद्यावर मात्र हिरवीगार बाग. मी सारखा स्वतःलाच बघतोय म्हणून इंजिनिअरनं माझं चित्रच बंद केलं. "समोरच्यांना दिसशील, तुला नाही दिसणार. नजर पुढं राहील," म्हणाला. मग तो आणि ड्रायव्हर फोनच्या पाठीमागं जाऊन उभे राहिले. म्हणजे पडद्यावर काय दिसतंय, हे आता आमच्यापैकी कुणालाच कळणार नव्हतं.

मावशींना मुलगी बघायची होती. त्यांनी विचारलं, "मी ह्याच्या मागं हुबी ऱ्हायले तर दिसंन का रं?"

"नाही मावशी," इंजिनिअर म्हणाला. "मागचं सगळं गायब होतं. तुम्ही नाचलात तरी दिसणार नाही."

कॉल लागला. समोर मुलीचे वडील, बाजूला एक आत्या आणि मध्ये ती. मी नमस्कार केला. वडील चांगले बोलत होते. आई कशी आहे, पाऊस कसा आहे. मग ते एकदम थांबले आणि पडद्याजवळ सरकले.

"तुमी बगीच्यात बसून राह्यले का जी?"

"हाव," मी म्हणालो.

"मंग मागून थे कोन आलं?"

"कोनी नाही जी."

"कोनीच नाही?"

"मी एकटाच हावो."

माझ्या पाठीत मावशींनी बोट खुपसलं. ताठ बस, असा त्याचा अर्थ. मी ताठ झालो. माझ्या कॉलरवर कोकोपीटचा, म्हणजे ट्रेत भरतो त्या नारळाच्या काथ्याचा, भुसा होता, तो त्यांनी फुंकर मारून उडवला. मग माझ्या खांद्यावर हात टेकून वाकल्या, मुलीला डोळे बारीक करून न्याहाळलं आणि समोरच्या ड्रायव्हरला अंगठा-बोट जुळवून खूण केली, पोरगी झकास.

"बरं," वडील सावकाश म्हणाले. "तुमच्या खांद्यावर हात कोनाचा हाये?"

आता काय सांगणार? मला तर सांगितलेलं, मागचं काही दिसत नाही. मी म्हणालो, "माहाच."

"तुमचे दोन्ही हात तं मांडीवर दिसून राह्यले."

तिकडं आत्या ओरडली, "अवं माय, भूत हाये थे! वेलीतून निंगालं!" आणि इतका वेळ खाली मान घालून बसलेली मुलगी फस्सकन हसली. पदरबिदर काही नाही, सरळ तोंड उघडून. हसू आवरून वडलांना म्हणाली, "बाबा, बाग खोटी हाये. बाई खरी हाये."

मावशी सरळ झाल्या. "म्हंजी मी दिसत व्हते?" मग फोनच्या पलीकडं बघून, "नाचले तरी दिसनार न्हाई म्हनला व्हतास ना रं मुडद्या!"

इंजिनिअर चाचरत म्हणाला, "मावशी, ते सॉफ्टवेअर माणसं ओळखतं. माणूस दिसला की ठेवतं, बाकीचं काढतं..."

"मंग मी मानूस न्हाई असं वाटलं व्हय तुला? म्हस हाय मी?"

बाग कशी काढायची ते मला येईना. मुलीनंच तिकडून सांगितलं, खाली तीन टिंबं आहेत, तिथं दाबा, आता दुसरं दाबा, नाही, ते नाही. आमच्या सेंटरात रोज एक जण असा येतो, म्हणाली. बाग गेली. मागचे ट्रे, पाइप आणि दोरीवर वाळत घातलेला माझा भोकाचा बनियन त्यांच्या पडद्यावर हजर झाले.

वडील हसत नव्हते. "म्हनजे बगीचा तुमचा नाही."

"नाही जी. मी इथं कामाले हावो. रोपं तयार करतो."

"मंग खोटं काऊन दाखोलं?"

पहिल्यांदा कुणीतरी बघायला तयार झालं होतं, आणि मी आपल्या हातानं, म्हणजे तीन हातांनी, ते घालवलं होतं. गावी आई फोनची वाट बघत बसली असणार. मला फोनसकट त्या क्रेटखाली शिरावंसं वाटलं.

तेवढ्यात मावशींनी दुसरा क्रेट ओढला आणि माझ्या शेजारी बसल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

"रामराम दादा. ह्ये पोरगं खोटं बोललं न्हाई, त्याला ते येतच न्हाई, आत्ता बगितलं की तुमी. ह्या दोगा शान्यांनी त्याला बागेत बसवला, आन मीबी द्राक्षं लावा म्हनले. तीन वरीस माज्या हाताखाली हाय. काय इचारायचं ते मला इचारा."

आणि वडलांनी खरंच विचारलं. मी तिथं असूनही नसल्यासारखा. दारू? न्हाई. तंबाखू? न्हाई. राग? "त्याला राग आला तर तो आदी मला इचारतो, येऊ देऊ का म्हनून." मावशींनी वाईटही लपवलं नाही. "घोरतो. भाकर थापली तर जिल्ह्याचा नकाशा व्हतो. आन काळजी लई करतो, दादा. रोपांना पानी घालून आला की परत जाऊन बगतो, प्याली का न्हाई." मग त्यांनी उलट विचारलं, "आता तुमच्या पोरीचं सांगा. रागीट हाय का?"

"हाव, हावो," मुलगीच म्हणाली.

"बरं हाय. ह्याला हलवाया कुनी तरी पायजेच."

वडलांनी घसा खाकरला. "असं पाहा बाई, आमचं म्हननं असं हाये का..." आणि पडदा काळा झाला. फोनचं चार्जिंग संपलं होतं.

पुढची पंधरा मिनिटं ड्रायव्हर आणि इंजिनिअर भांडत होते, बॅटरी खराब की ते अ‍ॅप बॅटरी खातं. मावशी त्यांना चार्जर आणायला पिटाळत होत्या. चार्जर ऑफिसात, ऑफिसला कुलूप, किल्ली मालकाकडे, मालक राजगुरुनगरला लग्नात. माझ्या पिवळ्या फोनवरून मी मुलीच्या वडलांना लावला, तर उचलेनात. त्या रात्री जेवण गेलं नाही. 'आमचं म्हननं असं हाये' याच्या पुढं काय काय येऊ शकतं, ते सगळं मी म्हणून बघितलं. एकही चांगलं नव्हतं.

सोमवारी मी ट्रे भरत असताना फोन वाजला. साधा फोन, चित्र नाही. ती होती.

"काल फोन कोनाचा होता?" तिनं विचारलं.

"ड्रायव्हरचा."

"त्याले सांगा, बॅटरी बदलून घे म्हना. नुसतं सफरचंद दाखोवून काय होते?" मग जराशी थांबून म्हणाली, "बाबा म्हनत होते, पोराची चौकशी कोनाजवळ करावं हाच प्रश्न होता, तो मिटला. भूतच चौकशीले हजर झालं."

मी ट्रे बाजूला सरकवला. हातात कोकोपीट तसंच.

"थ्या बाई तिथंच राह्यतात ना? तुमच्या जवळ?"

"हाव."

"मंग मले चालते. पन एक सांगते. त्या दोघायले माह्या फोनले हात लावू द्याचा नाही."

मावशींना जाऊन सांगितलं तर त्या म्हणाल्या, "व्हय का? मंग आता ट्रे कोन भरनार, तुजा सासरा?" आणि उरलेला दिवसभर मला जरा जास्तच कामं सांगितली. इंजिनिअर अजून म्हणतो, सॉफ्टवेअरनं आपलं काम चोख केलं, माणूस ओळखला. ड्रायव्हर म्हणतो, कॅमेरा चांगला होता म्हणून मावशी एवढ्या स्पष्ट दिसल्या. लग्न जमवल्याचा मान नक्की कुठल्या कंपनीला द्यायचा, यावर टपरीवर अजून निकाल नाही.

मला तो मान कुणाला द्यायचा ते माहीत आहे. मावशींची गावाकडे भाताची खाचरं आहेत. पावसाळ्यात लावणीला, म्हणजे त्या 'आवनी' म्हणतात त्याला, माणूस मिळत नाही म्हणून त्या इथून रजा टाकून जातात आणि कंबर धरून परत येतात. त्यांच्याकडे सावड असते, आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. मी कापूस-सोयाबीनच्या मुलखातला. गुडघाभर चिखलात उभं राहून रोप लावणं मला माहीत नाही. मावशी म्हणतात, "तू लावल्यालं भात आडवंच उगवंल." उगवू दे आडवं. एका पावसाळ्यात मी येणार, जमलं तर आम्ही दोघं येणार, आणि त्यांची सगळी खाचरं या बांधापासून त्या बांधापर्यंत लावून देणार. त्या दिवशी मावशींनी नुसतं बांधावर बसून आम्हाला शिव्या द्यायच्या.