उजव्या हाताचा दांडा

"मला दावू नका, हातात द्या."

सरुबाई हे दिवसातून दहादा म्हणायची. वांगी घेताना म्हणायची, सुनेसाठी साडी बघताना म्हणायची. दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या उजव्या मनगटाचा एक्स-रे उजेडावर धरला तेव्हाही म्हणाली. डॉक्टर हसले आणि त्यांनी तो काळा कागद खरंच तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट केला, हाडावरची केसाएवढी रेघ बोटानं चाचपली आणि निकाल दिला, "एवढीशीच हाय. जुळंल."

रेघ जुळली. पण दीड महिन्यानं प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला, तो सरुबाईचा वाटेना. पांढरा पडलेला, बारीक, आणि कवाडाची बिजागरी गंजावी तसा आखडलेला.

हे दोन हजार पाच सालचं. सरुबाईचं घर मखमलाबादला. मळ्यात झेंडू आणि शेवंती, आणि त्या फुलांत रमणारा नवरा पुंजाराम. फुलं पिकवायची त्यानं आणि विकायची तिनं, ही वाटणी लग्नापासूनची. पंचवटीतल्या फुलांच्या ओळीत तिची बसायची जागा तीस वर्षांची होती. पहाटे टेम्पोतून पाट्या उतरायच्या, आणि उजेड पुरता पसरायच्या आत सरुबाईच्या पुढ्यात हारांचा ढीग पडलेला असायचा. डाव्या हातात दोरा ताणून धरायचा, उजव्या हातानं सुई फिरवायची. हार गुंफताना ती हाताकडे बघायचीच नाही. गिऱ्हाइकाकडे बघायची, रस्त्याकडे बघायची, शेजारणीच्या भांडणात तोंड घालायची, आणि हात आपलं काम करत राहायचा.

त्या ओळीत एक रीत होती. कुणी आजारी पडलं की शेजाऱ्यानं रोज पहाटे त्याचं गोणपाट त्याच्या जागेवर अंथरायचं आणि त्यावर एक हार ठेवायचा. गोणपाट अंथरलेलं असेल तोवर तिथं दुसरं कुणी बसत नसे. पण ही राखण घटस्थापनेपर्यंतच. नवरात्रात फुलांचा लोंढा येतो, तेव्हा रिकामी जागा कुणालाच परवडत नाही. घट बसायच्या दिवशी माणूस आला नाही, तर जागा दुसऱ्याची.

सरुबाईचं गोणपाट सोमा अंथरत होता. सोमा तिच्या डाव्या हाताला बसायचा, गुलाब विकायचा. भला माणूस. तो घटस्थापनेच्या आठ दिवस आधी मळ्यात आला, चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग बशीकडे बघत म्हणाला, "आक्का, माझी पुतणी मोकळीच हाय. तुम्हाला जमत नसंल तर ती बसंल. नायतर कुणी परका येऊन बसायचा."

"आठ दिवस हायेत ना अजून?"

"हायेत की."

"मग अंथर गोणपाट."

सोमा गेला. पुंजाराम खुरपं पुसत ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "काल तुझ्या हातनं सुई तीनदा पडली. मी मोजली नाय, पण मला दिसली."

सरुबाईनं चहाच्या बश्या उचलल्या. सुई चार वेळा पडली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मनगट फिरवत राहा, दुखलं तरी फिरवा. नुसतं हवेत मनगट फिरवणं सरुबाईला येडेपणाचं वाटायचं. तेव्हा तिची सून प्रतिभा हिला एक गोष्ट आठवली. प्रतिभा सातपूरच्या एका कारखान्यात ऑफिसात काम करायची, घरी कॉम्प्युटर तिनंच आणला होता. लग्न होऊन आल्यावर तिनं सासूबद्दल जी पहिली गोष्ट ऐकली, ती फुलांची नव्हती. विमानाची होती.

ती अशी. त्र्याण्णव साली फुलांच्या ओळीमागच्या बोळात यादव नावाच्या माणसानं व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. तीन मशिनं, एक मोठा पंखा आणि दाराला निळा पडदा. सरुबाईची फुलं अकरापर्यंत संपायची आणि मखमलाबादकडे परतायचा टेम्पो दोनला यायचा. मधले तीन तास उन्हात. ती पार्लरमधल्या गणपतीला रोज हार द्यायची, म्हणून यादवनं तिला पंख्याखाली स्टूल दिलं. पहिला महिना ती नुसती बसली. दुसऱ्या महिन्यात मधलं मशिन रिकामं होतं, त्यावर विमान आपोआप उडत होतं, पडत होतं. सरुबाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "यादवभाऊ, हे मला हातात द्या."

त्यानंतर सात-आठ वर्षं, दुपारी बारा ते दोन, ते मधलं मशिन सरुबाईचं. कॉलेजची पोरं मागं उभी राहून बघायची. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी एक लोखंडी जहाज यायचं, त्याच्या तोफा चारी बाजूंनी आग ओकायच्या. पोरं तिथंच मरायची. सरुबाई त्या आगीतून विमान असं काढायची, जसा गर्दीतून पाटीवाला वाट काढतो, कुणाला धक्का न लावता. जहाज बुडालं की ती पदर सोडायची आणि टेम्पोकडे चालू लागायची. पुढचा टप्पा कसा आहे ते तिनं कधी बघितलंच नाही. टेम्पो निघून गेला असता.

पुढे पार्लर बंद पडलं. यादव सिन्नरला गेला, त्यानं तिथं रसवंती टाकली. मशिनं भंगारात गेली.

प्रतिभानं तसाच जुना विमानाचा गेम मिळवून कॉम्प्युटरवर घातला. ऑफिसातल्या एका मैत्रिणीकडून खेळायचा दांडा आणला, खाली पेटी, वर दांडा आणि बटणं असा. रविवारी दुपारी घर पडद्यापुढं जमलं. पुंजाराम खुशीत होता. तो म्हणाला, "पहिल्यासारखं जहाज बुडवलंस तर घटाच्या दिवशी तुझं गोणपाट मी सोता अंथरायला येतो. आन् नाय बुडालं, तर सोमाच्या पुतणीला बसू दे. आता घरी आराम कर. कबूल?"

"कबूल," सरुबाई म्हणाली आणि पेटीवर हात ठेवला. लगेच उचलला. "हे उलटं हाय."

"काय उलटं?"

"दांडा डावीकडं हाय. उजवीकडं पायजे."

"आई, सगळीकडं डावीकडंच असतो," प्रतिभा म्हणाली.

सरुबाई खेळली. पहिल्या टप्प्यातच विमान तीनदा पडलं. डावा हात दांडा धरून खांबासारखा उभा राहायचा, जन्मभर दोरा धरून उभा राहिला तसा. हात ओलांडून उजव्यानं दांडा धरला तर डावा बटणांवर आडवातिडवा व्हायचा. पुंजाराम पोट धरून हसला.

"दांडा उलटा म्हणे! हात थकला म्हण की सरळ. लाजू काऊन राह्यली?"

"हात थकला असता तर पयलं मी सांगितलं असतं. तुमच्यासारखं गुडघ्याचं खापर चपलेवर नाय फोडत मी."

पण त्या संध्याकाळी तिनं सुई हातात घेतली नाही. प्रतिभानं ते पाहिलं. चुलीपुढं बसून सासूबाई उजव्या हाताची मूठ उघडत होत्या, मिटत होत्या, आणि त्या हाताकडे बघत होत्या. लग्नाला चार वर्षं झाली, सासूला स्वतःच्या हाताकडे बघताना प्रतिभानं पहिल्यांदा पाहिलं.

"आई," ती शेजारी बसत म्हणाली, "यादवभाऊंच्या मशिनला दांडा नक्की उजवीकडं होता?"

"तुलाबी खोटं वाटतं?"

"नाही. मला कारण पाहिजे."

तेव्हा सरुबाईनं सांगितलं. यादवनं मशिनच्या पेट्या पंचवटीतल्या चिमाजी मिस्त्रीकडून करून घेतल्या होत्या. चिमाजी देव्हारे करायचा, लय नामी सुतार. त्यानं मुंबईहून आलेला मापांचा कागद प्लायवर ठेवून खुणा केल्या, पण चांगली बाजू खराब होऊ नये म्हणून मागच्या बाजूनं. देव्हाऱ्याला तो तसंच करायचा, देव्हारा दोन्हीकडून सारखाच असतो. फळ्या कापून सुलट्या केल्या, तर दांड्याची भोकं उजवीकडं आली. तिन्ही फळ्यांना. यादव डोकं धरून बसला. चिमाजी म्हणाला, "माणूस जेवतो उजव्या हातानं, लिहितो उजव्या हातानं. मग खेळंल डाव्यानं? माझंच बरोबर हाय." दुसऱ्या दिवशी दसरा, पार्लरचा मुहूर्त. तशीच मशिनं उभी राहिली. त्या बोळात जे जे शिकले, ते सगळे उजव्या हातानं शिकले.

प्रतिभा हसत सुटली. मग म्हणाली, "उद्या सुट्टी टाकते. आपण दुकानात जाऊ."

महात्मा गांधी रोडवर यशोधनचं कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान होतं. तिशीचा, चष्मेवाला, पंचवटीतल्या भटजींच्या घरातला मुलगा. घरातले पूजा सांगायचे, हा यंत्रं विकायचा. सरुबाई काउंटरपुढं उभी राहिली तेव्हा त्याला वाटलं, नातवासाठी काही हवं असेल.

"आजी, नातू केवढा आहे?"

"मलाच पायजे. विमान खेळायला. दावू नको, हातात दे."

त्यानं पहिला दिला तो उंच, काळा, वर बंदुकीसारखा घोडा असलेला, खाली टेबलाला चिकटवायला रबरी वाट्या. सरुबाईनं धरला आणि लगेच परत दिला. "हा ट्रकच्या गेरचा दांडा हाय. अख्खा हात हालवावा लागतो. मला मनगटाचा पायजे."

दुसरा चकचकीत होता, दांड्याला लाल गोळा, बटणं रंगीबेरंगी. "हा सगळ्यात जास्त खपतो," यशोधन म्हणाला. तिनं दांडा चारी दिशांना हलवला आणि कान लावला. "मुका हाय."

"म्हणजे?"

"आवाज नाय करत. वळलं का नाय वळलं, हाताला कळंना. आन् लय हलका. जोरात खेळले तर पेटीच पळंल."

यशोधननं चष्मा वर केला. ही म्हातारी, त्याच्या लक्षात आलं, गंमत करायला आलेली नाही. तो आत गेला आणि धुळीनं भरलेली एक जड पेटी घेऊन आला. एका इंजिनिअरिंगच्या पोरानं बंद पडलेल्या पार्लरचे सुटे भाग घेऊन घरी बनवलेली, प्लायची, आत जुन्या कीबोर्डचं सर्किट. विकायला ठेवून तो पुण्याला गेला होता. कुणी घेत नव्हतं, दिसायला ओबडधोबड म्हणून.

सरुबाईनं दांडा हलवला. टिक. टिक. टिक. टिक. चारी दिशांना चार स्वच्छ आवाज. तिनं डोळे मिटले. "हा."

"पण आई, दांडा डावीकडंच आहे," प्रतिभा हळूच म्हणाली.

सरुबाईनं पेटी उचलली आणि गरकन फिरवली. मागची बाजू पुढं आली, दांडा उजवीकडं आला.

"आजी, असं नाही चालत," यशोधन हसला. "आता वर ढकललं की विमान खाली जाणार. डावीकडं ढकललं की उजवीकडं." त्यानं पेटी कॉम्प्युटरला जोडून दाखवलंही. तसंच झालं.

"दांडा कशावर बसवलाय?"

"आत चौकोनी पत्रा असतो, त्याला चार स्क्रू."

"मग पेटी मी अर्धी फिरवली, पत्रा तू अर्धा फिरव. फिटंफाट."

यशोधननं बोटानं हवेत अर्धं वर्तुळ काढलं. पेटीकडे पाहिलं. मग स्क्रू ड्रायव्हर घेतला, तळ उघडला, चार स्क्रू काढले, पत्रा अर्धा फिरवला, स्क्रू घट्ट केले. कॉम्प्युटरला जायची वायर आता पोटाकडच्या बाजूनं निघत होती, ती त्यानं पेटीखालून मागं घेतली.

"माझ्या डोक्यात आलं नसतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"तुला गरज नव्हती ना पडली."

तिनं पदर खोचला. पहिल्या खेपेला विमान दुसऱ्या टप्प्यात पडलं. मनगट ठणकत होतं, कपाळावर घाम आला. प्रतिभा म्हणाली, "आई, घरी जाऊन खेळा." सरुबाईनं ऐकलं नाही. दुसऱ्या खेपेला तिसऱ्या टप्प्यावर गेली, जहाज आलं, आणि पहिल्याच तोफेला विमान खलास. तिनं हात झटकला, बोटं एकेक करून ओढली.

"अजून एकदा लाव रे दादा."

या खेपेला ती पडद्याकडे बघत होती, आणि पडद्याच्या पलीकडेही. शेजारच्या गिऱ्हाइकानं प्रिंटरची शाई मागितली तर तिनंच सांगितलं, "थांब जरा, तो मोकळा नाय." दांडा टिकटिकत होता, डावी बोटं बटणांवर ठाम होती. जहाज आलं. आग चारी बाजूंनी आली. विमान डावीकडं सरकलं, थांबलं, दोन ज्वाळांमधून अलगद वर निघालं, खाली आलं, परत वर. प्रतिभानं यशोधनचा काउंटर दोन्ही हातांनी धरला होता. मग पडदाभर पांढरा उजेड झाला आणि जहाज तुकड्या-तुकड्यांनी पाण्यात गेलं.

यशोधननं टाळी वाजवली. शाईवालाही वाजवू लागला.

पुढचा टप्पा सुरू झाला होता. ढग, हिरवे डोंगर. सरुबाईनं दांडा सोडला.

"आई, पुढं खेळा ना! जमतंय!"

"दुपारी सोमा पाट्या आवरतो. त्याच्या आधी गाठला पायजे. तू ही पेटी घेऊन घरी जा, आन् तुझ्या सासऱ्याला सांग, घटाच्या दिवशी चारला उठायचं हाय. आन् हे बघ, सोमाच्या पुतणीला माझ्या उजव्या हाताला बसवू. तिथं दीड माणसाची जागा हाय, मी तीस वर्षं पाट्या पसरून अडवली होती."

"रिक्षा करून देते."

"कशाला? पूल ओलांडला की पंचवटी."

ती पायरी उतरली. यशोधन आणि प्रतिभा दोघं दारात आले, प्रतिभाच्या कवेत ती ओबडधोबड पेटी. महात्मा गांधी रोडवर दुपारची वर्दळ होती, स्कूटरी, हातगाड्या, रिक्षा. सरुबाई रविवार कारंजाच्या दिशेनं चालली होती, घाई नाही आणि रेंगाळणंही नाही. मध्येच एक रिक्षा अंगावर आली, तशी ती रस्त्याच्या मधोमध थांबली, रिक्षावाल्याला दोन शब्द सुनावले, त्यानं मान खाली घातली, आणि ती पुढं निघाली. दुकानात फोन वाजत होता. यशोधन आत गेला नाही. तिचं जांभळं लुगडं कारंजाच्या वळणावर दिसेनासं होईपर्यंत दोघंही तिथंच उभे होते.