सव्वा मूठ गहू

आमच्या घरात आजारी पडायचं तर अक्काची परवानगी लागायची. खोटं नाही सांगत. पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायला बघितली, की ती जीभ काढायला लावायची, डोळ्याची खालची पापणी ओढायची, पोटावर दोन बोटं टकटक वाजवायची आणि निकाल देऊन टाकायची, "काहीच व्हयेल नही तुले. चांगली शे तू, ऊठ!" बावीस वर्षं लष्करी दवाखान्यांत नर्स होती बाई, मेजर होऊन निवृत्त झाली. तिच्यापुढे आमची नाटकं काय टिकणार, डोंबल!

अक्का म्हणजे माझी आजी, पप्पांची आई. धुळे जिल्ह्यात नरडाण्याच्या अलीकडे आमचं गाव. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं आणि पप्पाही अक्काच म्हणायचे. 'माय' म्हणायचे ते त्यांच्या आजीला, म्हणजे माझ्या पणजीला, कारण त्यांना वाढवलं तिनंच. आजोबा कापसाच्या शेतात, आणि अक्का आज पठाणकोटला तर उद्या जोधपूरला. वर्षातून एकदा सुट्टीवर यायची, पप्पा तिच्याशी जरा कुठे मोकळे व्हायला लागायचे की ट्रंक भरायची. ती कायमची घरी आली तेव्हा पप्पांना मिसरूड फुटलं होतं. आता त्या वयाच्या पोराला मांडीवर थोडंच घेणार?

मग मी जन्मले आणि माझी काही धडगत राहिली नाही. पोराचं करायचं राहिलेलं सगळं तिनं माझ्यावर काढलं. आंघोळ ती घालणार, घास ती भरवणार, दर रविवारी नखं ती कापणार. वेणी तर अशी करकचून घालायची की भुवया वर चढायच्या. आई बिचारी म्हणायची, "अहो अक्का, पोर माझी पण आहे." त्यावर अक्का म्हणायची, "तुले कोन नही म्हने? पन आंघोय मी घालसू." संपला विषय. दुपारी मला कुशीत घेऊन ती बर्फातल्या दवाखान्याच्या गोष्टी सांगायची. गोळी लागलेला, मिशा पिळणारा एक भलादांडगा शिपाई इंजेक्शनची सुई बघून कसा रडला, हे मी तिच्याकडून शंभरदा तरी ऐकलं असेल.

हिवाळ्यात शेतात भरताचा बेत असला की तिची खरी फौज उभी राहायची. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी यायच्या, सगळे भाऊबंद गोळा व्हायचे, आणि पंगत बसायच्या आधी अक्काचा हुकूम सुटायचा, "बठ्ठा हात दखाडा!" पोरं दाखवायचीच, पण पांढऱ्या मिशांचे आबा-नानासुद्धा गुपचूप तळवे पुढे करायचे. आजोबांच्या चुलतभावाला, आबांना, तिनं एकदा तीन वेळा विहिरीवर पिटाळलं होतं. आबा धुसफुसले, पण गेले. कारण त्यांच्या धाकट्याला साप चावला तेव्हा त्याला जीपमध्ये घालून, हलू न देता, धुळ्यापर्यंत सोबत गेलेली हीच बाई होती.

अशा आजीच्या हाताखाली वाढल्यावर दुसरं काय होणार? बारावीनंतर मी लष्करी नर्सिंगची परीक्षा दिली आणि माझी निवड झाली. पत्र हातात घेऊन नाचतच घरात आले. पप्पांनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "नाही जायचं."

मी भांडले. जेवण सोडलं, दार आपटलं, नको ते बोलले. पप्पा हायस्कूलात मास्तर, आवाज कधी चढवत नसत, पण त्या दिवशी चढला. "या घरातून एक गेली, तेवढं पुरे झालं!" अक्का तिथेच पलंगावर बसली होती. मला वाटलं, आता ही उसळणार, मेजरचा आवाज काढणार. ती खाली बघत राहिली.

नंतर मी तिच्यावरच चिडले. "सगळ्या गावाला रांगेत उभं करतेस, आणि स्वतःच्या पोराला दोन शब्द सांगता येत नाहीत तुला?"

ती म्हणाली, "त्याला सांगायचा हक्क मी कमावला नाही गं. त्याला गोवर निघाला तेव्हा मी परक्यांच्या पोरांचा ताप मोजत होते."

तिनं असं बोललेलं मी कधीच ऐकलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला. पण रुजू व्हायची तारीख जवळ येत होती आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

त्यातच श्रावणातली कानबाई आली. खानदेशात कानबाई देवीच्या नैवेद्याला रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, करतात, आणि आमच्याकडे त्या रोटाचे गहू मोजून घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. बायकांची मूठ नसते. रोट बायकांनी करायचे, खायचे, पण मोजायचं पुरुषांपुरतं. दरवर्षी मोजायचं काम अक्काचं. त्या वर्षी तिचे हात फार कापायला लागले होते, म्हणून तिनं पप्पांना बसवलं.

पप्पा पाटावर बसले. एक मूठ आणि वर थोडे दाणे, आजोबांची. तशीच स्वतःची. तशीच माझ्या धाकट्या भावाची. झालं की, तिघंच तर पुरुष. आई सूप उचलायला वाकली, तेवढ्यात पप्पांनी पोत्यात परत हात घातला आणि चौथी मूठ टाकली.

"मोजता येत नही का रे?" अक्का खेकसली. "ही कोनी?"

"तुझी," पप्पा म्हणाले. "तू फौजेत होतीस तोवर माय दरवर्षी टाकायची. मला म्हणायची, लांब गेलेल्या माणसाची मूठ चुकवू नये, देवी त्याला सांभाळते. तू कायमची घरी आलीस तेव्हा तिनं बंद केली."

अक्काला हे माहीतच नव्हतं. कसं असणार? नोकरीत असताना श्रावणात ती कधी घरी नसायचीच. मायनं, म्हणजे तिच्या सासूनं, तोंडावर तिला कधी गोड शब्द दिला नव्हता. मला तर अक्का नेहमी सांगायची, की सासूनं तिला नोकरी केल्याबद्दल कधी माफ केलं नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि तोंडाला पदर लावून रडली, अगदी लहान पोरीसारखी हुंदके देऊन.

पप्पांनी पाचवी मूठ टाकली. "आणि ही हिची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "अक्का परत आली ना? ही पण येईल."

नाक पुसत अक्का गरजली, "सव्वा घाल, सव्वा! पोरीला जायचंय लांब आणि हा मेला पाऊणच मोजतोय." आई हसायला लागली, पप्पाही हसले, आणि मी मात्र भोकाड पसरलं.

मी गेले. पुण्यात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका पहाटे पप्पांचा फोन आला. "अक्का गेली. तिनं बजावलं होतं, पोरीला कळवू नका, वॉर्डातून उठवू नका. पण मी बोलावतोय. ये."

मी निघाले. बसनं धुळ्याला, तिथून चुलतभावाच्या मोटारसायकलवर गावी. इकडे काय झालं ते आईनं नंतर सांगितलं. दुपार झाली, ऊन चढलं, तसे भाऊबंद कुरकुरायला लागले, मयत किती वेळ ठेवायचं, गाव उपाशी आहे. आबाही म्हणाले, "मास्तर, उचलू या आता. पोरगी येईल तेव्हा येईल."

पप्पा तिच्या उशाशी बसले होते. ते म्हणाले, "आबा, लहानपणी मी गावाच्या फाट्यावर बसून हिची वाट बघायचो. आज घटकाभर हिला नातीची वाट बघू द्या."

मी पोचले तेव्हा साडेचार वाजले होते, आणि अंगणातलं एकही माणूस उठून गेलेलं नव्हतं.