कर्नलीणकाकूंची ड्यूटी

कर्नलीणकाकूंच्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, माणसाच्या दातांची खूण होती. वरच्या दातांची कमान स्पष्ट, खालची जरा पुसट. डिट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात, आमच्या समोरच्या घरात, मुलीकडे, त्या कायमच्या राहायला आल्या तेव्हा मी शेजारीण म्हणून चहाला बोलावलं आणि ती खूण बघून भोचकपणे विचारलं, "कुत्रं चावलं का हो काकू?" काकूंनी आधी चहा संपवला. "कुत्रं कसलं? एका लान्स नायकाची बायको. पोरसवदा होती. चांगली चावली, टाके घालावे लागले." एवढं बोलून त्यांनी चकलीचा डबा पुढे ओढला.

त्यांचे यजमान भारतीय फौजेत कर्नल होते. पलटणीतला जवान मारला गेला आणि त्याची बायको छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहत असली, की साहेबांच्या बायकोने तिच्या दारात जायचं, अशी तिथली पद्धत. साहेब सीमेवर, बाई दारात. तिथे जाऊन करायचं काय, हे कुणी शिकवत नाही. काकू म्हणायच्या, "मी मार खाऊन शिकले." जाण्याआधी बांगड्या आणि चष्मा काढून ठेवायचा, कारण बांगडी फुटली तर त्या बाईलाच लागते. केस घट्ट बांधायचे. "धीर धर" म्हणायचं नाही. तिचे हात धरायचे नाहीत. "ज्याला मारायचं असतं तो सापडत नाही ना मेधा. सरकार सापडत नाही, शत्रू सापडत नाही. दारात जी उभी असते ती सापडते. मग तिने निदान नीट उभं राहावं."

शहीद, वीरमरण, बलिदान हे शब्द काकूंना अजिबात खपायचे नाहीत. कुणी वापरले की त्या मध्येच तोडायच्या. "मारला गेला म्हण. सुरुंगावर पाय पडला, कमरेखालचं काही सापडलं नाही, तिला पेटी उघडू दिली नाही आणि तिने माझ्या डोक्यावर पितळी तांब्या घातला. यात बलिदान कुठलं आलं?" घरटी एक पदार्थ घेऊन जमायच्या आमच्या पॉटलकमध्ये, हातात पावभाजीची प्लेट असताना, हे ऐकायची कुणाचीच तयारी नसायची. लोक हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकत. मी सरकत नसे. मला त्या बाईचा लळा लागला होता आणि तिच्या हातच्या मटणाचाही.

कारण मटण त्या स्वतः तोडत. दुकानातून आणलेली बकऱ्याची अख्खी तंगडी ओट्यावर ठेवून, पदर खोचून, सुरा असा काही हाणायच्या की माझ्या घरी ऐकू यायचं. समोर टीव्ही चालू. तेव्हा तिकडे वाळवंटात इथल्या फौजेचं युद्ध सुरू होतं आणि ते काही केल्या संपत नव्हतं. सैनिक कमी पडतायत, सक्तीची भरती परत आणावी का, यावर रोज कुणीतरी निवृत्त जनरल नकाशापुढे उभा राहून बोलायचा. काकू आवाज बंद करून त्याचं तोंड बघायच्या आणि प्रत्येक घावाबरोबर म्हणायच्या, "मुडदा बशिवला तुझा! तू गेला होतास का कुणाच्या दारात?" त्यांची मुलगी शुभा घरून काम करायची. तिच्या मीटिंगमध्ये हे सगळं ऐकू जायचं आणि ती बिचारी "सॉरी, कन्स्ट्रक्शन नेक्स्ट डोअर" असं सांगून वेळ मारून न्यायची.

आमच्या रस्त्यावर टोकाच्या घरात सुहास राहायचा. मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, मूळचा नागपूरचा, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. बायको कॅन्सरने गेल्यावर त्याने निखिलला एकट्याने वाढवलं. हा निखिल कॉलेज अर्ध्यावर सोडून आर्मीत गेला तेव्हा सुहास महिनाभर कुणाशी बोलला नाही. मग एके दिवशी त्याने अंगणात झेंड्याचा खांब उभारला, सोसायटीच्या कमिटीशी त्या खांबाच्या उंचीवरून कडाकडा भांडला, आणि त्या दिवसापासून युद्धाविरुद्ध एक शब्द ऐकून घेईना.

दिवाळीच्या सुमाराला निखिल रजेवर आला होता. काकूंनी त्याला जेवायला बोलावलं, मीही होते. मान खाली घालून तो जेवत होता. काकूंनी विचारलं, "तुझे बाबा म्हणतात, तुमच्या पलटणीचा या लढाईला पाठिंबा आहे. खरं का रे?" निखिलने हाडातला मगज ओढून काढला आणि हसला. "आजी, व्हॉट एल्स डू आय टेल हिम? ही पुट अप अ फ्लॅगपोल फॉर मी." मग मराठीत, शब्द शोधत म्हणाला, "आम्हाला कोणी विचारत नाही. मी बाबाला सांगतो, ऑल गुड. तो एकटा असतो ना." काकूंनी त्याच्या ताटात आणखी दोन तुकडे वाढले. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "हे या घराबाहेर जाता कामा नये."

जानेवारीत इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला, बायका काळ्या साड्यांत, आणि कमिटीतल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालेला परिसंवाद: 'सक्तीची भरती हवी का?' सुहास माइक हातात घेऊन गरजला, "अरे, ज्यांना जायचं ते स्वतःहून जातायत! माझा निखिल गेला. तो सांगतो, अख्खी युनिट युद्धाच्या बाजूने आहे. सोल्जर्सना प्रॉब्लेम नाही, तर इथे हीटर लावून बसलेल्या तुम्हाला कसला प्रॉब्लेम आहे यार?" टाळ्या पडल्या. मी काकूंकडे पाहिलं. त्याचं तोंड बंद करणारं एक वाक्य त्यांच्यापाशी होतं. त्यांनी ते गिळलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सक्ती हवी."

काकूंना माइक लागत नसे. "प्रत्येक घरातून एक. डॉक्टरच्या, वकिलाच्या, तिकडे राजधानीत बसून लढाईच्या बाजूने हात वर करणाऱ्यांच्या. दुसऱ्याचं पोर मरतं तेव्हा टाळ्या वाजवायला सोपं जातं. पोर मेल्याची खबर घेऊन स्वतःच्या दारात फौजेची गाडी थांबेल असं वाटलं, की बघते किती लढाया सुरू होतात ते." माझ्या मुलाला, नचिकेतला, तेव्हा नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाली होती. इथे मुलग्यांना त्या वयात भरतीसाठी नाव नोंदवावंच लागतं, ते त्याने फोनवर खेळता खेळता करून टाकलं होतं. मी तिथल्या तिथे ओरडले, "काकू, माझ्या नचिकेतलासुद्धा?" त्या माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "हो. त्यालासुद्धा. त्याशिवाय तू ओरडली असतीस का?" मला इतका संताप आला की तिळगूळ न घेताच मी बाहेर पडायला निघाले.

पण बाहेर पडता आलं नाही, कारण तेवढ्यात मागून कुणीतरी बोलून गेलं, "निखिल काय देशासाठी गेलाय? कॉलेज झेपलं नाही म्हणून गेला." सुहासने त्या माणसाची कॉलर धरली आणि त्याला गूळपोळ्यांच्या टेबलावर आडवा केला. टेबल मोडलं. दोन सॉफ्टवेअर इंजिनियर आणि एक दातांचा डॉक्टर सोडवायला गेले आणि त्यांनीच एकमेकांना ठोसे मारले. कुणाच्या तरी नाकातून भळाभळा रक्त आलं, पोरं रडायला लागली, शाळेच्या रखवालदाराने पोलिसांना बोलावण्याची धमकी दिली. त्या धुमश्चक्रीत काकू भिंतीला टेकून सुहासकडे बघत होत्या. इतक्या काळजीने त्यांनी कुणाकडे बघितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे अबोला सोडायला गेले होते. रात्रभर बर्फ पडून गेला होता. काकू खिडकीशी उभ्या होत्या आणि त्यांनी एकदम हात वर करून मला गप्प केलं. एक काळी गाडी हळूहळू घरांचे नंबर बघत पुढे गेली आणि टोकाला थांबली. गणवेशातली दोन माणसं उतरली आणि त्यांनी टोप्या नीट केल्या. काकूंनी बांगड्या उतरवल्या, चष्मा काढला, दोन्ही माझ्या हातात दिलं, केसांची गाठ आवळली आणि साडीवर शुभाचा कोट घालून बर्फातून चालायला लागल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण मला त्यांना गाठताना धाप लागली.

आम्ही पोचलो तेव्हा सुहासने दार उघडलेलं होतं. गणवेशातला तरुण कॅप्टन पाठ केलेलं वाक्य बोलत होता. सुहासने ते वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. दाराशी बर्फ काढायचं फावडं उभं होतं. ते त्याने उचललं आणि सगळ्या ताकदीनिशी त्या पोराच्या डोक्याच्या दिशेने फिरवलं. काकू मध्ये शिरल्या. दांडा त्यांच्या डाव्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. कॅप्टन आणि त्याचा सोबती सुहासला धरायला धावले. मोडक्या खांद्याने उभ्या काकू त्यांच्यावर खेकसल्या, "डोन्ट टच हिम! स्टेप बॅक, कॅप्टन!" आणि तो कॅप्टन खरोखर मागे सरकला.

फावडं गळून पडलं, मग सुहास हातांनी मारायला लागला. तोंडावर, छातीवर, जिथे लागेल तिथे. काकूंचा ओठ फाटला, बर्फावर रक्त सांडलं. "मार," त्या म्हणत होत्या, "मला मार. मी आहे." मी किंचाळत होते. मला वाटलं, ही बाई आता मरणार आणि आपण तिचा चष्मा धरून उभे आहोत. शेवटी सुहासचे हात थांबले. काकूंच्या तोंडाकडे त्याने पाहिलं, जणू त्या आत्ताच तिथे आल्या होत्या, आणि तो म्हणाला, "काकू, तुम्हाला लागलं?"

हॉस्पिटलमध्ये नर्सने मला बाहेर काढून काकूंना एकटं गाठलं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर मार दिसला की इथे विचारावंच लागतं. पडद्याआडून मला ऐकू येत होतं. घरी तुम्हाला कोणी मारतं का? तुम्हाला सुरक्षित वाटतं का? हे कुणी केलं? काकूंचं उत्तर आलं, "आय वॉज ऑन ड्यूटी." नर्सने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर मिळालं. कॅप्टननेही तक्रार केली नाही. निखिलच्या अंत्यविधीला काकू हात गळ्यात बांधून, सुजलेल्या तोंडाने पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बंदुकांची सलामी झाली. भाषणात कुणीतरी म्हणालं की आपले सैनिक या युद्धामागे ठाम उभे आहेत. काकूंनी माझा हात इतका जोरात दाबला की मी कळवळले, पण आम्ही दोघीही काही बोललो नाही. ते पोर बापासाठी खोटं बोललं होतं. ते उघडं करणाऱ्या आम्ही कोण?

पुढचे काही महिने सुहास काकूंची सेवा करत राहिला. त्यांच्या अंगणातला बर्फ काढायचा, फिजिओथेरपीला न्यायचा, औषधं आणायचा, आणि रोज माफी मागायचा. "काकू, मी तुमच्यावर हात टाकला." सकाळी तेच, संध्याकाळी तेच. निखिलचं नाव त्याने काढलं नाही, की डोळ्यातून टिपूस काढलं नाही. त्याला भेटणारे म्हणत, किती सावरलाय. काकूंना ते ऐकून चीड यायची. "सावरलाय कसला? माझ्या हाडामागे लपून बसलाय तो," त्या मला म्हणाल्या. हाड जुळलं तसं त्यांनी परत साताऱ्याला, धाकट्या बहिणीकडे जायचं ठरवलं. शुभा रडली, मीही रडले. विमानतळावर सोडायला अर्थातच सुहासची गाडी.

डिट्रॉइटच्या विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेपाशी, सुहास त्यांच्या पाया पडला आणि वाकलेलाच राहिला. "काकू, मला माफ करा." काकूंनी पर्स माझ्याकडे दिली. "सरळ उभा राहा," त्या म्हणाल्या. तो राहिला. आणि त्यांनी उजव्या हाताने त्याच्या मुस्काटात अशी सणसणीत ठेवून दिली की रांगेतली सगळी माणसं वळली. त्याचा चष्मा फरशीवर घरंगळत गेला. "झाली तुझी-माझी फिटंफाट," काकू म्हणाल्या. "आता माझं नाव घ्यायचं नाही. त्याचं घे."

सुहास गालावर हात धरून उभा राहिला. मग "निखिल" एवढा शब्द बाहेर आला आणि त्यामागोमाग हंबरडा फुटला. तो गुडघ्यांवर कोसळला आणि फरशीवर मुठी आपटायला लागला. बंदूकवाला गार्ड धावत आला, कमरेला हात लावून त्याने काकूंना विचारलं, मॅडम, इथे काय चाललंय? हा तुम्हाला त्रास देतोय का?

"नो प्रॉब्लेम," काकू त्याला म्हणाल्या. "ही इज क्रायिंग." मग पर्स माझ्या हातातून घेतली. "मेधा, तू खाली बस त्याच्याजवळ. मला विमान आहे."

मी बसले.