‘ही’ म्हणजे कोण?

नाटक कंपनीत सगळे त्यांना कानसेन म्हणत. पडद्यामागे बसून वारा, पाऊस, घोड्यांच्या टापा सोडणं हे त्यांचं काम, आणि ते आवाज स्वतः जमवणं हा त्यांचा नाद. पाऊस म्हणजे पत्र्याच्या डब्यावर सांडलेले तांदूळ, आग म्हणजे चुरगाळलेला कागद. घरात काही पडलं की बाकीचे दचकत, कानसेन म्हणत, "थांबा, पुन्हा पाडा!"

खोड एकच. प्रत्येक आवाजाआधी ते त्याची सगळी कुंडली त्याच ध्वनिफितीवर बोलून ठेवत. एकदा ते आजारी असताना एका नटानं वादळ अगदी सुरुवातीपासून लावलं. रंगमंचावर नायिका व्याकूळ, आणि वरून कानसेनांचा घोगरा आवाज: "वादळ. मूळ: आमचा जुना पंखा. मधला खोकला माझा, तो कापावा." प्रेक्षकांची हसून हसून मुरकुंडी वळली. नायिकेनं मात्र बरेच दिवस अबोला धरला.

पुढे आसपासच्या नाटक मंडळींनी आणि शाळांनी मिळून संगणकावर आवाजांचा एक सामाईक संग्रह सुरू केला. तो सांभाळायला ज्या बाई आल्या, त्या भलत्याच कडक.

"आवाज एका कप्प्यात, त्याची माहिती दुसऱ्या," त्यांनी बजावलं. "माहिती सगळे वाचतील, चुकली तर सुधारता येईल, आणि आवाजाला बोटही लावावं लागणार नाही."

कानसेनांना पटलं. बाईंनी त्यांची बडबड एकेका आवाजापासून कापली आणि जशीच्या तशी टाइप करायला घेतली. तेव्हा कुठे कानसेनांना सिंह आठवला.

सिंह म्हणजे कंपनीचा हुकमी एक्का. बालनाट्यात तो डरकाळी फोडायचा आणि पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या मांडीवर चढायची. पिंजऱ्यापाशी उभं राहून तो आवाज टिपला, असं त्यांनी घरी ठोकून दिलं होतं. बायको शिशुवर्गाची शिक्षिका. नवऱ्याचं हे शौर्य ती प्रत्येक नव्या वर्गाला रंगवून सांगायची. खरा सिंह म्हणजे दुपारी आरामखुर्चीत लागलेली तिचीच डुलकी, फक्त वेग जरा कमी केलेला. आणि आता तिची शाळाही संग्रहात सामील झाली होती. चारचौघांत तिचं हसं होणार, तेही आपल्यामुळे, या विचारानं त्यांना जेवण जाईना.

रविवारी सकाळी बाईंचा फोन आला. "सिंहापाशी अडलंय. 'मूळ: हिचं घोरणं' म्हणालात तुम्ही. ही म्हणजे कोण?"

"ही म्हणजे... ही हो. आमची."

"तुमच्या तोंडी ते ठीक होतं. आता माहिती तुमच्यापासून सुटली. तिथे ज्याची त्याची 'ही' निराळी. पूर्ण नाव सांगा. शिवाय माणसाचा आवाज आहे, त्यांची परवानगी लागेल."

"सरळ प्राणिसंग्रहालय लिहिलं तर?"

"खोटं लिहायला मी इथे बसलेले नाही."

कानसेनांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून सगळा कारभार "अगं" आणि "ऐकलंस का" यांवर चालला होता. त्यांनी तोंडावर हात धरून नाव सांगितलं.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी डोळे मिटून ते मोठ्यानं म्हटलं.

"ओ!" आतून आवाज आला. बायको हात पुसत दारात आली. "मला कोणी हाक मारली?"

कानसेनांनी एका दमात सगळं कबूल केलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे इतकी वर्षं पोरं मला घाबरत होती?"

"रडायची गं. एकदा तर नाटकातला शिकारीही पळाला."

तिनं रागवायचा प्रयत्न करून पाहिला, पण ओठ ऐकेनात. खुर्चीचा आधार घेऊन ती पोटभर हसली आणि मग तिनं फोन काढून घेतला. "बाई, परवानगी दिली. घोरणं आहे तसं राहू द्या. फक्त ते 'हिचं' काढा आणि माझं नाव घाला, आडनावासकट. सिंह कोण ते वर्गात मीच सांगते."

फोन ठेवून ती नवऱ्याकडे वळली. "आता पुन्हा म्हणा."

"काय?"

"मघाशी फोनवर म्हणालात ते."

घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी कानसेन कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी तिचं नाव घेतलं, आणि अगदी समोर उभी असूनही तिनं ओ दिली.