पडद्याआडचं पिस्तूल

आयुष्यातलं पहिलं पिस्तूल घ्यायला गेलो, तेव्हा दुकानाच्या दारावरून दोनदा पुढे निघून गेलो.

इथे इंग्लंडमध्ये खऱ्या पिस्तुलांवर बंदी आहे. माझ्यासारख्याला मिळतं ते हवेच्या दाबावर चालणारं, कागदी टार्गेटवर छर्रे मारायचं. त्याला लायसन्स लागत नाही. अठरा वर्षं पूर्ण हवीत आणि दुकानात स्वतः जायला हवं, बस. हे सगळं वाचून वाचून मला पाठ झालं होतं, तरी भीती जाईना. इथे कायमचं राहू द्या, हा आमचा सेटलमेंटचा अर्ज अजून सरकारदरबारी पडून होता. अशा वेळी वर्क व्हिसावरच्या माणसाला पिस्तुलाचे डोहाळे लागावेत? ब्रॅकनेलच्या ऑफिसात तर मी वीकेंडला बॅडमिंटन खेळतो असंच सांगत होतो.

शूटिंग क्लबात मात्र बरं वाटायचं. नेम धरला की डोक्यातली किरकिर तेवढ्यापुरती थांबायची. पण क्लबचं पिस्तूल सगळ्यांच्या हातातलं, मूठ माझ्या पंजाला मोठी. आता स्वतःचं घे, असं कोचनेच सांगितलं.

दुकानदार म्हातारा आणि बोलका होता. त्याने सहज विचारलं, ‘‘कशासाठी हवंय?’’ मी व्हिसाच्या मुलाखतीला बसल्यासारखा क्लब, कोच, नोकरी, घरचा पत्ता असं सगळं धडाधडा सांगून टाकलं.

‘‘टार्गेटसाठी, एवढं म्हणालात तरी चाललं असतं,’’ तो म्हणाला आणि त्याने तीन पिस्तुलं काउंटरवर मांडली.

पहिलं काळं, हुबेहूब पोलिसांकडे असतं तसं. हातात इतकं नेमकं बसलं की सोडवेना. पण कोणी पाहिलं तर? मी ते चटकन खाली ठेवलं. दुसऱ्याचा चाप जड होता. तिसरं निळं, लाकडी मुठीचं, नळीखाली हवेचं जाड नळकांडं. लांबून कोणालाही ड्रिल मशीन वाटलं असतं. त्याची मूठ तळव्याला टोचत होती. मी तेच घेतलं. दुकानदाराने दोनदा विचारलं, ‘‘नक्की ना?’’ मी मान डोलावली. नेम मला धरायचा होता आणि पिस्तूल मी पोलिसाच्या नजरेने निवडलं होतं.

डिकीत बंद पेटी ठेवून घरी आलो. वाटेत एका राउंडअबाउटच्या गोल चौकात पोलिसांची गाडी मागून आली आणि तिच्या वाटेने निघून गेली. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

बायको खूश. ‘‘बरोब्बर खंडेनवमीला आणलंस! दे इकडे, पूजेत ठेवू.’’ दरवर्षी आमच्याकडे शस्त्रं म्हणून दोन लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हर आणि विळी एवढंच असतं. यंदा पहिल्यांदाच खरंखुरं शस्त्र मिळालं, म्हणून तिचा उत्साह मावत नव्हता. पाट मांडला होता पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीशी. तिने पिस्तुलाला हळद-कुंकू लावलं, तोवर मी पडदे ओढून घेतले.

‘‘अरे, भरदिवसा अंधारात पूजा करायची?’’

‘‘समोरच्या आजींनी पाहिलं आणि पोलिसांना फोन केला तर? व्हिसावर काढलेली पाच वर्षं पाण्यात जातील.’’

‘‘पावती आहे ना? सगळं लीगल आहे ना?’’

‘‘आहे गं.’’

‘‘मग चोरासारखा काय वागतोयस? मला खरं सांग, उद्या ते सेटलमेंट मिळालं, तरी तू असाच पडदे ओढून राहणार आहेस का?’’

खूप वाईट वाटलं, कारण तिने रागाने नाही, काळजीनेच विचारलं होतं. मी जाऊन पडदे उघडले. मग स्लावच्या भारतीय दुकानातून आणलेली झेंडूची सगळी फुलं ओंजळीने पिस्तुलावर वाहिली, ते पूर्ण दिसेनासं होईपर्यंत. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि निरांजन लावलं.