परवान्याबाहेरचं वांगं

सबंध बेंगळुरात परवानगीच्या कागदावर एवढा जीव टाकणारा दुसरा माणूस नसेल, आणि त्याच्याच हरितगृहातून वांगं झब्ब्याच्या खिशात घालून आणणारा माझ्यासारखा दुसरा गाढवही नसेल. हा माणूस म्हणजे माझे थोरले साडू. बोम्मसंद्र्याच्या एका बियाणे कंपनीत जनुकं बदललेल्या वांग्यांची चाचणी चालते. परवान्यातली प्रत्येक अट पाळली जाते की नाही, हे बघणं त्यांचं काम. जाळीच्या आतलं काही बाहेर जायचं नाही, बीसुद्धा नाही, ही पहिली अट. मी आपला कुतूहलानं बघायला गेलो होतो. एक वांगं खाली पडलेलं दिसलं. अन्न मातीत लोळू द्यायचं नाही हे आईचं वळण. हात आपोआप खाली गेला.

अण्णांच्या, म्हणजे साडूंच्या, अंगातून हे काम कधी उतरतच नाही. चिकपेटेतल्या शिंप्याकडून ते बिनखिशाचे कपडे शिवून घेतात, कारण खिशाच्या शिवणीत बी अडकतं. "मग पाकीट कुठं ठेवणार सार?" शिंपी कळवळून म्हणाला, तेव्हा अण्णांनी गळ्यातली पारदर्शक पिशवी दाखवली. आमच्या जे. पी. नगरच्या घरी आले की आधी उंबऱ्याबाहेर चपलांचे तळ धुतात. लेकीनं मांजर आणलं तेव्हा आम्ही सगळे नाव शोधत होतो. अण्णांनी कागदावर टप्पे लिहून दिले: महिनाभर बाल्कनी, मग हॉल, परिणाम बघून स्वयंपाकघर. मांजरानं तो कागद वाचला नाही.

मी वांगं आणलं त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "खरं सांगा, एक वांगं कमी भरतंय."

मी ताटाकडे बघितलं. भरीत संपलं होतं.

पाऊण तासात ते चिमटा घेऊन हजर. देठ, जळकी साल, ताटाला चिकटलेल्या बिया, सगळं वेचून त्यांनी पिशवीत बंद केलं.

"आम्हांला काही होईल का हो?" मी विचारलं.

"बहुधा नाही."

"बहुधा?"

"त्या बहुधाचं नक्की करायलाच तर ही चाचणी. तोवर परवाना."

"मग स्वल्प ॲडजस्ट करा ना, अण्णा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

पाच वर्षं त्यांनी ही चाचणी जपली होती, आणि येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होणार. वांगं बाहेर गेल्याचं परवाना देणाऱ्या समितीला कळवताच हा हंगाम बंद होणार. मग वांग्याचं पुढं काय झालं ते त्यांना इतरांसारखं पेपरात वाचावं लागणार. हे सगळं ठाऊक असून त्यांनी आमच्याच टेबलावर बसून पत्र लिहिलं आणि माझ्यापुढं धरलं. माझं नाव कुठंच नव्हतं. 'पाहुण्याला आत सोडताना नियम सांगायचे माझ्याकडून राहून गेले.'

हरितगृहाच्या दारात त्यांनी मला तीनदा नियम सांगितले होते, वर माझ्याकडून म्हणवूनही घेतले होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनी पत्राची घडी घातली. "सरी, बरं, येतो," म्हणाले. जिन्यावर त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली, नेहमीपेक्षा सावकाश.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती कागद-पेन माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "भावजींनी जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं, तेही तुमच्यापायी. आता खरं तुम्ही लिहा."